परबकाकांना दुखत नाही

मी परबकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नव्या नवरीच्या डोक्यावर कोपर ठेवून उभे होते. नवरी वाकलेली, शेजारी तिचा नवरा वाकलेला, आणि काकांचे दोन्ही पंजे स्वतःच्या बगलेत गच्च दाबलेले. उजव्या कोपराने त्यांनी आधी तिच्या, मग त्याच्या डोक्यावर हलकंसं ठोकलं आणि म्हणाले, "सुखान रवा." मजल्यावर कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. नवरीला वाटलं असावं, पण ती नवी होती.

कोपर हा काकांचा मुख्य अवयव होता. दाराची कडी कोपराने. नळ कोपराने. शेजारची बेल, कोणी बघत नसेल तर, नाकाने. पेढा दिला तर हात पुढे येत नसे, तोंड उघडत असे. देणाऱ्याने नेम धरायचा. निवडणुकीत बोटाला शाई लावणाऱ्या बाईंशी त्यांचा दर वेळी वाद, कारण बाईंनी बोट धरायचं नाही. बाईंनी बाटली टेबलावर ठेवायची, काका बोट बुडवणार. एकदा म्हणे रांग जिन्यापर्यंत गेली आणि शेवटी पोलिसाने मध्यस्थी केली.

नायगावची आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि नवं घर मिळेपर्यंत आई आणि मी लालबागच्या या चाळीत भाड्याने आलो. आल्या दिवशी सकाळी ते कोपर पाहिलं आणि संध्याकाळी आईने शेजाऱ्यांना खीर वाटली. परबकाकांच्या दारात मी वाटी पुढे केली. काकांनी हात मागे घेतले आणि म्हणाले, "खाली ठेव."

आता हे दोन शब्द तुमच्या घरात साधे असतील. आम्ही बौद्ध. माझ्या आजीने गावात जन्मभर "खाली ठेव" आणि "लांबून बोल" एवढंच ऐकलं, आणि ते पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून ती मुंबईत आली. मी वाटी खाली ठेवली, घरी आले आणि पत्रक लिहायला बसले. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटात आहे. पत्रक लिहिणं हे माझं रोजचं काम. दोन तासांत तयार. मथळा होता, "लालबागमधील 'खाली ठेव' संस्कृतीचा जाहीर निषेध". दोन्ही जिन्यांत चिकटवलं, नळावर चिकटवलं आणि एक खास परबकाकांच्या दारावर.

काकांनी चष्मा लावून ते संपूर्ण वाचलं. पाठीवर हात बांधून, ओठ हलवत. मग आमच्या दारात आले.

"तू लिवलंस?"

"हो."

"बरा आसा. पण जाडाभरडा झाला. आधी चाळून घेवचा, मगे बोलूचा."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मिळवा माझ्याशी हात. इथेच, सगळ्यांसमोर."

"नको गो."

"का नको?"

"माझो हात नको."

"मी हेच लिहिलंय."

एव्हाना सगळा मजला बाहेर आला होता. समोरच्या चव्हाणकाकू पुढे झाल्या. "अगं पोरी, त्यांचा हात..."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्यासारख्यांच्या मध्ये पडण्यानेच हे इतकी वर्षं टिकलंय."

काकू मागे सरल्या. चव्हाणकाकू कोणासाठी तरी मागे सरल्या हे नंतर मला इतिहासात नोंदवण्याजोगं वाटलं. काकांनी एकदा छताकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला, चांगला घट्ट, आणि तसाच धरून लोकांकडे वळले. मग भाषण केलं. भाषण छान झालं. आजीचा उल्लेख आला तिथे माझा आवाज भरून आला आणि मी डोळा पुसला.

त्यानंतरचा माझा मजकूर छापण्यासारखा नव्हता. डोळ्यात कोणी निखारा ठेवला आहे असं वाटत होतं. मग मी दुसऱ्या हाताने दुसरा डोळा चोळला.

आई माझ्या डोळ्यांवर दुधात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवत होती. चव्हाणकाकू तूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी सांगत होते. छत्तीस वर्षं मिरची कुटतायत ते." परबकाका बाहेर कठड्याशी उकिडवे बसले होते आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते, "उतरला काय गो?" आई म्हणाली, "परबभाऊ, आत तरी या." ते आत आले नाहीत. दुपारभर तिथेच बसून राहिले.

माझा संशय चुकला. संशय घ्यायची सवय चुकलेली नाही, ती मी सोडणार नाही. आजही मी जिथे जाते तिथे पाण्याचा पेला कोणाला कसा दिला जातो ते आधी बघते. पण चूक ती चूक, म्हणून दुसऱ्या दिवशी चार ओळींचं माफीचं पत्रक काढलं. काकांची तक्रार होती की ते पहिल्याएवढं लांब नाही. पहिलं पत्रक त्यांनी दारावरून काढलं मात्र नाही. "राहू दे," म्हणाले. "वाचून लोक लांब राहतत. बरा पडता."

काका मिरचीच्या डंकावर कामाला होते. डंक म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. मशीन चालू झालं की मुसळं पाळीपाळीने उखळात आदळतात आणि मिरची, धणे, खडा मसाला सगळ्यांचं पीठ होतं. एप्रिल-मे महिन्यांत बायका भाजलेला मसाला डब्यांतून घेऊन येतात आणि आपल्या डब्यावर नजर ठेवून स्टुलावर बसतात. कोणाला डंकवाल्यावर विश्वास नसतो. तोंडाला पदर लावून, शिंकत, खोकत, डोळे पुसत बसतील पण उठणार नाहीत. त्या लाल ढगात परबकाका उघड्या हातांनी उखळाच्या कडेची मिरची आत ढकलत उभे असायचे. शिंक नाही, खोकला नाही. सुरुवातीची दोन वर्षं म्हणे रडत काढली. मग एक दिवस झोंबायचं थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच.

माणसं ओळखायची त्यांची पद्धतही डंकावरची, मिरचीच्या जातींची. चव्हाणकाकू संकेश्वरी, म्हणजे लांबलचक आणि दिसते त्यापेक्षा तिखट. आमचा घरमालक बेडगी, नुसता रंग. मी लवंगी. "एवढीशी आसा, पण पुरा पातेला नासवता." तेव्हापासून मजल्यावर माझं नाव लवंगी पडलं. माझं नाव प्रज्ञा आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

न झोंबण्याचा मजल्याला उपयोग होता. आमच्याकडे कोणाच्याच घरात सांडशी नव्हती, परबकाका होते. "ओ परब, जरा भात उतरवा," अशी हाक आली की काका येऊन उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवून ठेवायचे आणि जायचे. आई नंतर ते पातेलं बाहेरून दोनदा घासून घ्यायची. एकदा घासता घासता थांबली आणि हसायला लागली. "तुझ्या आजीने हे बघायला हवं होतं," म्हणाली. "परबांनी शिवलेलं भांडं मी घासतेय."

मग एक दिवस काका आमच्याकडे चहाचं पातेलं उतरवायला आले आणि पातेलं धरून आईशी गणपतीच्या वर्गणीवर बोलत उभे राहिले. बराच वेळ. वास आला तेव्हा आईच्या लक्षात आलं. काकांच्या तळहाताची कातडी पांढरी पडली होती आणि काका म्हणत होते, "काय जळता? दूध काय?"

आईने त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मलमपट्टी झाली, आणि पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरने काकांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे माणसाच्या नसा दुखण्याशी कसं जुळवून घेतात यावर संशोधन चालतं, आणि तुम्ही त्यांना हवे आहात, असं सांगून. काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले.

"लवंगी, ह्या वाच. तू असल्या कागदांवर भांडतंस ना?"

ते संमतीपत्र होतं. "सदर मलमामुळे जळजळ, आग अथवा तीव्र वेदना होऊ शकते याची मला पूर्ण कल्पना आहे," असं त्यात लिहिलं होतं.

"माका कल्पनाच नाय," काका म्हणाले, "ह्योच तर घोटाळो आसा."

मला मात्र वेगळाच घोटाळा दिसत होता. गिरणगावातला गरीब कामगार, वर संमतीपत्र, मलम, वेदना. माणसाचा उंदीर करायचा डाव मला लांबून ओळखू येतो. मी सोबत गेले. पिशवीत पत्रकाचा मसुदा होता.

डॉ. देवयानी माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. पुण्याची, शुद्ध बोलणारी, आणि मी विचारलेल्या सतरा प्रश्नांची सतरा उत्तरं देणारी. त्यामुळे माझी बरीच निराशा झाली. मलम मिरचीच्याच अर्काचं होतं. हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावायचं आणि आग किती होतेय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. कुठल्याही क्षणी थांबवा म्हटलं की थांबवणार, तेही लिहून दिलेलं.

"काका, किती?"

"शून्य."

दहा मिनिटांनी, "आता?"

"शून्य. मॅडम, लावलास ना?"

देवयानीने नळी उलटून तारीख बघितली. दुसरी नळी आणली. काकांच्या दुसऱ्या हातावर लावलं. शून्य. मग तिला शंका आली की सगळा साठाच खराब आला, आणि शास्त्रज्ञाने करू नये ते तिने केलं. स्वतःच्या हातावर बोटभर लावलं. थोड्या वेळाने ती पंख्याखाली हात धरून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

"किती, मॅडम?" काकांनी आदराने विचारलं.

"आठ," ती म्हणाली.

"माल चांगलो आसा," काका मला म्हणाले.

हात गार झाल्यावर तिने समजावून सांगितलं. कातडीखाली नसांची बारीक टोकं असतात. त्यांना उष्णताही कळते आणि मिरचीही; मिरची लागली की त्यांना भाजल्यासारखंच वाटतं. पण रोज, वर्षानुवर्षं तीच मिरची लागत राहिली की ती टोकं आधी ओरडायची थांबतात आणि मग मागे सरून जातात.

"म्हणजे वॉचमन झोपलो," काका म्हणाले.

"झोपला नाही, काका. नोकरी सोडून गेला. म्हणून पातेलं भाजलं तेही कळलं नाही. दुखत नाही ही चैन नाहीये. दुखणं हा पहारा आहे."

शेजारच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. त्यांचं मनगट मोडून, जुळून, बरं होऊन तीन वर्षं झाली होती आणि अजून त्यावरून ओढणी गेली तरी त्या कळवळायच्या. देवयानी म्हणाली, हेही त्याच मज्जासंस्थेचं काम. मार बसून बसून कोणाच्या नसा गप्प होतात, कोणाच्या जास्तच जाग्या राहतात. जखम गेली तरी मेंदू आणि मणक्यातली ती जाग जात नाही. असं का होतं आणि परत फिरवता येतं का, हेच आम्ही शोधतो.

काकांनी त्या बाईंकडे बघितलं. "हेंचो वॉचमन झोपत नाय आणि माझो पळून गेलो," म्हणाले. "मॅडम, अदलाबदल होणार नाय काय?"

त्या बाई तीन वर्षांत पहिल्यांदाच हॉस्पिटलात हसल्या असाव्यात, कारण सोबत आलेला त्यांचा नवरा दचकला.

निघताना काकांनी एकच प्रश्न विचारला. "वॉचमन परत येता काय?"

"मिरची बंद झाली तर येतो, बहुतेक. नसांची टोकं परत वाढतात. पण छत्तीस वर्षांनंतर किती दिवसांत, हे खरंच मला माहीत नाही. कोणालाच नसेल."

दोन महिन्यांनी डंकाची इमारतही पुनर्विकासात गेली. मालकाने नवा डंक कल्याणच्या बाजूला टाकला आणि काकांना नारळ दिला. मजल्याला वाटलं, आता म्हातारा खचेल. काका दुसऱ्याच दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून परळला हजर. "मॅडम, आजपासून मिरची बंद. लिवून घ्या." ठरलं की महिन्याला एकदा यायचं, सहा वेळा.

आणि मग आमच्या चाळीत एक चमत्कारिक काळ सुरू झाला. एका माणसाला दुखावं म्हणून अख्खा मजला डोळे लावून बसला. काका परळहून परत आले की जिन्यातच चौकशी सुरू.

"दुखलं का?"

"नाय हो."

"अजिबात नाही? जरासंसुद्धा?"

"कोरा."

"होईल हो. धीर धरा. आमच्या ह्यांचा गुडघा बघा, कुठे मागितला होता?"

चव्हाणकाकूंनी दर मंगळवारी त्यांच्या नावाने देवाला नारळ ठेवायला सुरुवात केली. देवापुढे नेमकं काय म्हणायचं याची त्यांना अडचण व्हायची. "परबांचं भलं कर" म्हटलं तर देव दुखू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा महिना शून्य. तिसरा शून्य. चौथ्या महिन्यात काका म्हणाले, "अर्धो," आणि देवयानीने विचारलं, "अर्धा म्हणजे नेमकं कसं?" तेव्हा काकांनी मान खाली घातली. "नाय. खोटा सांगलंय. शून्यच लिवा."

या माणसाला दुखण्याची एवढी घाई का, हा प्रश्न मी पाच वेळा विचारला. "शास्त्राक उपयोग होता," हे ठरलेलं उत्तर. मला पटत नव्हतं. दुखण्यावाचून या माणसाचं काहीही अडलेलं नव्हतं, उलट दुखायला लागलं तर मजल्याची सांडशी जाणार होती.

पाचव्या महिन्यात आईला नाशिकहून फोन आला. काकांची मुलगी शुभदा. काकी जाऊन सहा वर्षं झाली, घरात काका एकटेच, आणि फोन उचलला की ते दोन वाक्यं बोलून ठेवतात, म्हणून ती अधूनमधून आईला फोन करायची. ती रडत होती. तिचं बाळ पाच महिन्यांचं झालं होतं आणि बाबा तिला येऊ देत नव्हते. बाळंतपणात म्हणाले, सासरीच बरं. बारशाला आले नाहीत. आता ती रविवारी येते म्हणाली तर म्हणाले, "आत्ता नको. पुढच्या महिन्यात बघू." मुलगी झाली म्हणून तर नाही ना, असं तिची सासू म्हणत होती.

मुलगी झाली म्हणून. मी पुढचं ऐकलंच नाही. तशीच काकांच्या दारात गेले. काका तांदूळ निवडत बसले होते.

"काका, नातीचं तोंड बघायचं नाही तुम्हाला?"

"कोणी सांगलान?"

"कोणी का सांगेना. मुलगी झाली म्हणून माणूस तोंड फिरवतो हे मी खूप घरांत बघितलंय. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी यावर..."

"पत्रक काढतलंस?"

"काढेन."

"आधी चाळून घे," काका म्हणाले, पण नेहमीसारखं नाही. सूप बाजूला ठेवलं आणि हात मांडीखाली घालून बसले.

शुभदा आठ महिन्यांची असतानाची गोष्ट. काका डंकावरून आले. साबणाने हात धुतले, राखेने धुतले, लिंबू चोळलं, परत साबण. हाताचा वास घेतला. जीभ लावून बघितली. काही झोंबलं नाही. मग पोरीला उचललं आणि गालाला हात लावला. "माका काय समजला नाय. मऊ होता, तेवढाच समजला." पोर किंचाळायला लागली. तिने तेच गाल चोळून हात डोळ्यांना लावले. डोळे सुजून बंद झाले. चार दिवस हॉस्पिटलात. चार दिवस काका वॉर्डाच्या बाहेर उभे होते.

"माझ्या हाताक काय लागलासा, ता माकाच कळणा नाय," काका म्हणाले. "मगे विश्वास कसो ठेवू? धुतल्यावर शून्य, नाय धुतल्यावरही शून्य. त्या शून्याक किंमत काय?"

"हातमोजे?"

"मोज्यांत मिरची जाता. आणि मोजे घालून पोरग्याक घेवचा? मी काय सर्जन?"

"आता सहा महिने होत आले, काका. आता हातांवर काही नसणार. साधी गोष्ट आहे."

"नसणार. तेव्हाही नसणारच होता." "शुभा चालाक लागली तेव्हा हात धरलंय नाय. शाळेत सोडताना नाय. लग्नात सासरची माणसा बोलली, बापूस गर्विष्ठ दिसता. तिची आई आजारी होती तेव्हा मी तिचो पदर धरून बसलंय. पदराक झोंबत नाय."

मी सूप पुढे ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडायला घेतले.

"वॉचमन परत येऊ दे," काका म्हणाले. "मगे मी हात बघतंय. मगे ती येऊ दे."

सहावी आणि शेवटची भेट. मी सोबत होते. देवयानीने मलम लावलं, घड्याळ लावलं आणि आपलं काम करत बसली. पाच मिनिटं गेली. दहा. काका भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होते. मग त्यांची मान हळूच हाताकडे वळली, दुसऱ्या खोलीतून कोणी बारीक आवाजात हाक मारावी तशी.

"मॅडम."

"हं, काका?"

"मुंगी आसा काय बघा."

मुंगी नव्हती. देवयानी खुर्ची ओढून जवळ बसली. "किती?"

काकांनी उत्तर द्यायला खूप वेळ घेतला. चौथ्या महिन्यातलं खोटं त्यांना अजून बोचत असावं. "एक," म्हणाले. मग, "दीड." मग काहीच नाही, फक्त ओठ आवळलेले, आणि कपाळावर घाम. "तीन," म्हणाले. "तीन लिवा. पक्के तीन." देवयानीने बर्फाची पिशवी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हवां दे जरा. खूप दिवसांनी इलो आसा."

हाताला दुखलं म्हणजे डोळ्यालाही कळेलच असं नाही, प्रत्येक ठिकाणच्या नसा वेगळ्या, एवढं देवयानीने त्यांना बजावून सांगितलं. चांगल्या हेतूने सांगितलं. परिणाम असा झाला की घरी आल्यावर काकांनी दार लावून घेतलं आणि थोड्या वेळाने आतून असा आवाज आला की चव्हाणकाकूंच्या हातातली परात पडली.

दार उघडलं तेव्हा काका खोलीच्या मधोमध उभे होते. डावा डोळा लालभडक, बंद, पाण्याच्या धारा लागलेल्या. उजवा टक्क उघडा आणि कोरडा. त्यांनी मिरची मोडून करंगळीने डाव्या डोळ्याला लावली होती. आणि दुसऱ्या हाताचा धुतलेला तळवा उजव्या डोळ्यावर दाबून ठेवला होता.

"डावो पेटलो," काका म्हणाले. "उजवो थंड. वहिनी, बघा. उजवो थंड."

"परबभाऊ, वेड लागलंय का तुम्हाला?" आई दूध आणायला धावली.

मी देवयानीला फोन लावला. तिने आधी काकांना पाच मिनिटं झापलं, असं पुन्हा कधी केलं तर डोळा जाईल म्हणून. मग मला म्हणाली, "पण प्रज्ञा, प्रयोग बरोबर मांडलाय गं त्यांनी. मिरची कळतेय हे आधी सिद्ध केलं, आणि मग हातावर ती नाही हे सिद्ध केलं. आमचे विद्यार्थी पहिली पायरी विसरतात."

काकांनी एक डोळा मिटलेला असताना नाशिकचा नंबर लावला आणि यावेळी एकच शब्द बोलून फोन ठेवला. "ये."

शुभदा रविवारी सकाळी आली. मजल्यावर कोणी घरात नव्हतं, सगळे कठड्याशी. चव्हाणकाकूंनी खाली जिन्यातच बाळावरून भाकरतुकडा ओवाळला. काका दारात उभे होते, नवा शर्ट, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले. ते तसे सोडलेले मी प्रथमच बघत होते, आणि ते किती लांब आहेत हे तेव्हा लक्षात आलं.

शुभदा वर आली, वडिलांकडे बघून हसली आणि बाळ माझ्या हातात दिलं. विचार न करता दिलं. वडिलांकडे काही द्यायचं नसतं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. मग ती नमस्काराला वाकायला गेली.

"थांब," काका म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, आता बाळ घेणार. मलाही वाटलं, मी बाळ पुढेही केलं. काकांनी बाळाकडे बघितलं, मान डोलावली, तुझ्याकडे मागाहून येतो अशा अर्थी, आणि पुढे होऊन शुभदाच्या गालावर हात ठेवला.

तिला काय होतंय ते आधी कळलं नाही. मग तिचे डोळे भरले.

काकांनी झटक्यात हात ओढला. तोंड पांढरं पडलं. "झोंबला. वहिनी, झोंबला, पाणी आणा..."

शुभदाने त्यांचं मनगट हवेतच पकडलं. "काही झोंबत नाहीये, बाबा."

"मगे डोळ्यात पाणी?"

"ते असू दे."

तिने तो हात परत गालावर नेला. काकांना हात ठेवता येत नव्हता. बोटं ताठ, फळीसारखी, तळवा अर्धा अधांतरी. किती जोर द्यायचा, काही कळत नव्हतं त्यांना. शुभदा तशीच उभी राहिली आणि आपल्या हाताने त्यांचं एकेक बोट वाकवून, करंगळीपासून सुरुवात करून, गालावर नीट बसवत गेली.